पाटी होती, बिबट्या नव्हता

हिमबिबट्याच्या जाळीसमोर आम्ही बावीस मिनिटं उभ्या होतो. घड्याळ लावून मोजली नव्हती, पण पहिला फोटो काढला ती वेळ आणि शेवटचा काढला ती वेळ फोनमध्ये आहे म्हणून सांगतेय. दोन्ही फोटोंत तेच, म्हणजे खडक, एक आडवा ओंडका, मागे थोडं गवत आणि जाळीच्या तारांवर साचलेले धुक्याचे थेंब. बाहेर पाटी होती, पाटीवर चित्र होतं, नाव होतं, आत मात्र काही हललं नाही. आई शेजारच्या बाकावर बसून गुडघे चोळत होती आणि दर पाच मिनिटांनी विचारत होती, "अगं, दिसला का?"

दार्जिलिंगचं हे झू बघायचं मी कधीपासून मनात धरलं होतं. पद्मजा नायडू हिमालयन झूऑलॉजिकल पार्क हे त्याचं पूर्ण नाव. पण खरं सांगायचं तर झू या प्रकाराची मला अगदी चीड आहे, लहानपणापासूनची. एका प्राणीसंग्रहालयात सिमेंटच्या फरशीवर येरझाऱ्या घालणारा वाघ बघितला होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, वळायची जागासुद्धा ठरलेली, तिथली फरशी इतर ठिकाणापेक्षा गुळगुळीत झालेली. बाकीची मुलं त्याला बघून ओरडत होती आणि मला एकदम रडू फुटलं होतं. त्यानंतर कितीतरी वर्षं मी कुठल्याच झूमध्ये पाय ठेवला नाही. इथे आले ती एवढ्याचसाठी, की हे झू प्राणी नुसते दाखवायला ठेवत नाही, त्यातले काही परत जंगलात पाठवतं असं वाचलं होतं, आणि ते म्हणजे नेमकं काय करतात ते एकदा जवळून बघायचं होतं.

चढ चांगलाच आहे. गेटपासून रस्ता वरवर जातो, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वेळ हाताशी ठेवून यावं. जागा सरासरी ७,००० फुटांवर, त्यामुळे दहा पावलं चाललं तरी धाप लागते, आणि दोन्ही बाजूंना धुपीची, म्हणजे देवदारासारखी सूचिपर्णी, उंचच उंच झाडं, त्यांच्यामधून धुकं असं सरकत येतं की समोरून येणारं माणूस आधी आवाजाने कळतं, मग दिसतं. १४ ऑगस्ट १९५८ ला हे सुरू झालं, १९७५ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्याला पद्मजा नायडूंचं नाव दिलं गेलं, पद्मजा पूर्वी पश्चिम बंगालच्या राज्यपाल होत्या. इथे जिराफ, पाणघोडा असलं काही शोधू नका. बहुतेक सगळे प्राणी हिमालयातले, इथल्याच थंडीत जगणारे, भरल आणि ताहर ही डोंगरी मेंढ्या-बकऱ्यांसारखी जनावरं, तिबेटी लांडगा, काळं अस्वल, रंगीबेरंगी फेजंट पक्षी. मला हे फार पटलं. ज्याला जी हवा मानवते त्यालाच तिथे ठेवायचं, एवढी साधी गोष्ट, पण ती पाळायला किती झू तयार असतात?

तर हिमबिबट्याने दर्शन दिलं नाही. आमच्यानंतर आलेल्या एका ग्रुपने शिट्ट्या मारल्या, एकाने जाळीवर थापा मारल्या, "ए बाहेर ये ना" वगैरे, आणि दोन मिनिटांत "काही नाहीये इथे" म्हणून निघून गेले. मला इतका राग आला. पण मग असंही वाटलं की चिडचिड तर माझीही चाललीच होती, मीही मनातल्या मनात त्याला बाहेर ये म्हणतच होते की, फक्त आवाज न करता.

त्याच्याबद्दल जे माहीत आहे ते आठवत बसले मग. अख्ख्या भारतात हिमबिबटे किती, तर २०२४ च्या जानेवारीत जो देशभराचा अंदाज जाहीर झाला त्यात आकडा होता ७१८, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये. आपल्या एखाद्या मोठ्या शाळेत याहून जास्त मुलं असतात. डोंगरातली माणसं आयुष्य काढतात तरी त्यांना तो एकदाही दिसत नाही, त्याची सगळी घडणच दिसू नये अशी, राखाडी खडकावर राखाडी ठिपके, आणि मोठ्या मार्जारांमध्ये गणला जातो पण त्याला वाघसिंहासारखी डरकाळीही फोडता येत नाही. अशा प्राण्याने तिकीट काढून आलेल्या मला बावीस मिनिटांत दिसावं ही अपेक्षाच मुळात कुठून आली माझ्यात?

रेड पांडा मात्र दिसला, आणि असा दिसला की आई गुडघे विसरली.

झाडाच्या आडव्या फांदीवर पोट टेकून झोपला होता, चारी पाय दोन बाजूंना लोंबकळत सोडलेले. पहिल्यांदा नुसती शेपूट कळली, जाड, तांबूस आणि फिकट पट्ट्यांची, मग हळूहळू बाकीचा. पाठ एकदम तांबडी आणि पोट व पाय काळे कुळकुळीत. मला वाटलं होतं हा एवढा भडक प्राणी जंगलात लपत असेल कसा, पण तो जिथे राहतो तिथल्या झाडांच्या फांद्यांवर तांबूस शेवाळ आणि पांढरं दगडफूल माजलेलं असतं, खालून बघणाऱ्याला काळं पोट सावलीत मिसळून जातं आणि वरून बघणाऱ्याला पाठ शेवाळासारखी वाटते. मग तो उठला. आधी एक पुढचा पाय चाटला, तोंडावरून फिरवला, मांजरासारखा, आणि बांबूच्या जुडीपाशी जाऊन बसला. आता मी जाळीपासून अगदी थोड्या अंतरावर होते आणि त्याने डहाळी धरली ती कशी धरली ते नीट बघता आलं. त्याच्या मनगटातलं एक हाड वाढून अंगठ्यासारखं झालेलं असतं, पाच बोटं वेगळी आणि हा वरचा जादा अंगठा वेगळा, त्यात डहाळी अडकवायची, तोंडाच्या कडेला न्यायची आणि एकेक पान दाढेखाली घेऊन चावायचं. घाई नाही. चावण्याचा आवाज येत होता, करकर करकर, कोरडं पान चुरगळावं तसा. तळव्यांनासुद्धा केस. पानाचा देठ खाली टाकताना त्याने एकदा आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा खायला लागला.

"किती मन लावून जेवतंय बघ," आई म्हणाली.

मन लावून जेवावंच लागतं त्याला. शरीर मांसाहारी प्राण्याचं, आतडं आखूड, आणि खाणं बांबू, त्यातलं फारच थोडं अंगी लागतं, म्हणून जागेपणाचा मोठा भाग खाण्यात आणि उरलेला ताकद वाचवण्यासाठी झोपण्यात जातो. आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, पांडा हे नाव आधी याचं. १८२५ मध्ये याचं शास्त्रीय नामकरण झालं, तो काळापांढरा चिनी पांडा बाहेरच्या जगाला कळला १८६९ मध्ये. नाव याचं, आणि प्रसिद्धी सगळी त्याला.

तिथे एक काका बांबूची शिळी पानं झाडून गोळा करत होते. आईला कोणाशीही बोलायला वेळ लागत नाही, तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत तिने विचारलं, भैया, याचं नाव काय, तर ते म्हणाले आमच्याकडे याला हाब्रे म्हणतात. हा बांबू कुठला, तर मालिंगो, वरच्या जंगलातला. मग बोलता बोलता त्यांनी जे सांगितलं आणि परत आल्यावर मी जे वाचत बसले ते आता माझ्या डोक्यात एकत्र मिसळून गेलंय, त्यामुळे इथेही तसंच लिहिते.

इथे हिमबिबट्यांची पैदास सुरू झाली १९८३ मध्ये, झ्युरिक, अमेरिका आणि लेह-लडाखहून आणलेल्या जनावरांपासून. रेड पांडाचं काम नव्वदच्या दशकात जोर धरू लागलं, त्यासाठी कोलोन, माद्रिद, बेल्जियम, रॉटरडॅम अशा ठिकाणांहून पांडे आले. हे वाचून मी थबकलेच. ज्या प्राण्याचं जंगल इथून हाकेच्या अंतरावर, सिंगालीलाच्या डोंगरात, त्याचा वंश चालू राहावा म्हणून युरोपातून नवं रक्त आणायचं! पण कारण सरळ आहे. मोजकेच प्राणी असले की चार पिढ्यांत सगळे एकमेकांचे भाऊबहीण होतात, पिल्लं कमजोर निघतात, जगत नाहीत. म्हणून जगभरातल्या झूमधल्या प्रत्येक रेड पांडाची वंशावळ लिहून ठेवलेली आहे, त्याला स्टडबुक म्हणतात, ती रॉटरडॅमला सांभाळली जाते, आणि कोणाची जोडी कोणाशी लावायची ते त्यावरून ठरतं. मी आईला हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "म्हणजे गोत्र बघतात." हो, अगदी तेच.

आणि एवढं सगळं जुळवूनसुद्धा निसर्गाची अट अशी की मादी वर्षातून जेमतेम एखाददोन दिवसच नराला जवळ येऊ देते. थंडीतले ते दिवस हुकले की वर्ष गेलं. जमलं तर जून-जुलैत एखाददोन पिल्लं, जन्मताना शंभर-सव्वाशे ग्रॅमची, डोळे मिटलेली, म्हणजे आपल्या तळहातावर मावतील एवढी. मादी बिथरली, गोंगाट झाला, कोणी डोकावलं, तर ती पिल्लं तोंडात धरून इकडून तिकडे नेत राहते आणि त्या धावपळीत पिल्लं दगावतात. म्हणूनच पैदाशीचं खरं काम इथे, आमच्यासारख्यांच्या डोळ्यांसमोर, होत नाही. त्यासाठी टोपकेदाराला वेगळं केंद्र आहे, जंगलात, पर्यटकांना तिथे प्रवेश नाही.

आई म्हणाली, "लांबून तरी बघू देतील का?" काकांनी मान हलवली. नाही.

मला आधी थोडं वाईट वाटलं, एवढ्या लांबून आलोय, तर मुख्य गोष्टच बंद दाराआड. पण नंतर ते दार माझ्या डोक्यातून जाईना. लहानपणी बघितलेल्या त्या वाघाला असं एकही दार नव्हतं. चारी बाजूंनी माणसं, त्याला जायला कोपरा नाही. आणि इथे कोणीतरी बसून ठरवलंय की या प्राण्याला माणसाची सवय लागता कामा नये, कारण ज्याला माणसाची सवय लागली तो पुन्हा जंगलाचा राहत नाही. बघणं बंद करणं हीच तिथली सगळ्यात मोठी सेवा. जे लोक तिथे काम करतात त्यांनासुद्धा शक्यतो लांबूनच, कमीत कमी बोलत वावरावं लागत असणार, आणि ज्या जनावरासाठी ऐन थंडीत पहाटे उठायचं त्याला आपला लळा लागू नये याची काळजीही आपणच घ्यायची, हे किती अवघड असेल.

स्वीटी आणि मिनीची गोष्ट मला याच प्रवासात कळली. इथे जन्मलेल्या या दोन रेड पांडा माद्या, २००३ मध्ये त्यांना गळ्यात रेडिओ कॉलर घालून सिंगालीला नॅशनल पार्कमध्ये सोडलं. आईला मी हे सांगत होते तर ती म्हणाली, लेक सासरी पाठवावी तसं वाटलं असेल गं त्यांना. पुढचं सांगायला मला नको झालं. मिनीला शिकारी प्राण्याने मारलं. स्वीटी जगली, तिची एका जंगली नराबरोबर जोडी जमली आणि तिला पिल्लू झालं, कोणी बांधून दिलेल्या घरट्यात नाही, तिने स्वतः शोधलेल्या झाडाच्या ढोलीत. पिंजऱ्यात जन्मलेल्या जिवाला ढोली कशी शोधायची हे कोणी शिकवलं? मी यावर किती वेळ विचार करत होते.

दोन सोडल्या, एक गेली, एक टिकली. कोणी म्हणेल हा काय हिशोब झाला. मलाही रात्री हॉटेलात तसंच वाटत होतं. पण कोणी काम थांबवलं नाही. २०२२ ते २०२४ या काळात पुन्हा नऊ रेड पांडे सिंगालीलात सोडले गेले. आणि त्यांना नुसतं सोडून भागत नाही, जंगलाच्या कडेच्या वस्त्यांमधली मोकाट कुत्री, त्यांच्याकडून येणारा डिस्टेंपर हा जीवघेणा रोग, गुरं चरायला येतात तिथे तुडवला जाणारा बांबू, हे सगळं तसंच राहिलं तर कितीही पिल्लं जन्माला घाला, ती जाणार कुठे? झू हे जंगलाच्या ऐवजी नसतं. मला हे ठामपणे वाटतं आणि जे लोक झूच्या नावाने सरसकट बोटं मोडतात, म्हणजे मीसुद्धा त्यांच्यातलीच होते, त्यांनी आणि जे झू आहे ना मग काळजी नको म्हणतात त्यांनी, दोघांनीही एकदा सिंगालीलाचा नकाशा उघडून बघावा, केवढीशी ती पट्टी आहे.

दुपारी आम्ही बाकावर बसून डबा खाल्ला तेव्हा आई एकदम गिधाडांबद्दल बोलायला लागली. तिच्या लहानपणी गावाबाहेर ढोरं टाकायची जागा होती, तिकडे जायचं नाही अशी ताकीद असायची, तरी लांबून दिसायचीच, झाडावर ओळीने बसलेली, पंख अर्धवट उघडून उन्हात धरलेले. "किळस यायची आम्हाला. आणि मग कधी दिसेनाशी झाली ते कळलंच नाही बघ. कोणी म्हणालंसुद्धा नाही, की अरे गिधाडं कुठे गेली."

आईचं हे वाक्य मला पुस्तकातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त लागलं. खरंच कोणी म्हणालं नाही. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतात ९९.९ टक्के कमी झाली, म्हणजे हजारात एक उरलं, आणि त्याचं कारण निघालं गुरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफेनॅक. औषध दिलेलं जनावर मेलं, ते गिधाडाने खाल्लं, की त्याच्या किडन्या निकामी. हे २००४ मध्ये सिद्ध झालं, २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. पण गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, पाचेक वर्षांचं होईपर्यंत तेही नाही. नुकसान पंधरा वर्षांत झालं, भरून यायला किती पिढ्या जातील कोण जाणे. म्हणून हरियाणात पिंजोरला आणि इथल्याच उत्तर बंगालमध्ये राजाभातखावाला त्यांची पैदास केंद्रं आहेत, बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) आणि वन विभाग मिळून चालवतात. पिंजोरची गिधाडं आता आपल्या ताडोबात आणि पेंचमध्येही आणून सोडली आहेत. आईला हे सांगितलं तर तिने दोनदा विचारलं, "खरंच? आपल्याकडे?" ज्या पक्ष्याची तिला किळस यायची त्याच्यासाठी तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघण्यासारखं होतं.

रेड पांडासाठी कोणीही पुढे येईल, तो गोड दिसतो. गिधाडासाठी, इथे झूमध्ये जपलेल्या त्या पालीसारख्या दिसणाऱ्या ओबडधोबड उभयचरासाठी, हिमालयन सॅलॅमँडरसाठी, आसामातल्या गुडघ्याएवढ्याही नसलेल्या पिग्मी हॉगसाठी कोण येणार? पण आलेत लोक. पिग्मी हॉग म्हणजे जगातलं सगळ्यात छोटं रानडुक्कर, १९९६ मध्ये मानसच्या जंगलातून मोजकी सहा पकडून गुवाहाटीजवळ बसिष्ठला त्यांची पैदास सुरू केली, आणि आज त्यांच्या वंशातली दीडशेहून जास्त डुकरं आसामच्या गवताळ रानात सोडून झाली आहेत. त्या कामामागे इंग्लंडजवळच्या जर्सी बेटावरच्या झूचाही हात आहे, जे जेराल्ड ड्युरेल यांनी १९५९ मध्ये खास धोक्यातल्या प्राण्यांसाठीच उभारलं, दार्जिलिंगच्या झूनंतर वर्षभरातच. ड्युरेल यांचा जन्म जमशेदपूरचा. कुठे जमशेदपूर, कुठे जर्सी, कुठे मानसचं गवत, कसे धागे जुळतात.

एका गोष्टीबद्दल मात्र माझं मन अजून बनलेलं नाही. या झूमध्ये आता बायोबँकही आहे, हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेबरोबर सुरू केलेली. प्राण्यांच्या पेशी, ऊती, उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात, पुढे कधी गरज पडली तर. शास्त्र म्हणून मला ते थोर वाटतं. पण त्या करकर पानं चावणाऱ्या जिवासमोर उभं असताना त्याचंच काहीतरी कुठल्यातरी नळीत बर्फाहून थंड पडून आहे, आणि ते ठेवावं लागतंय, ही कल्पना काही केल्या अंगावरून जात नाही. ठेवायलाच हवं, हे कळतं. कळतं तरी.

बंद व्हायची वेळ जवळ आली तशी गर्दी उतरणीला लागली. मी म्हटलं, चल आता, खाली गाडीवाले दादा वाट बघत असतील, अंधार पडला की धुक्यात रस्ता दिसत नाही. आई उठली आणि उलट दिशेला चालायला लागली, वर. म्हटलं कुठे चाललीस, तर म्हणाली, "एकदा परत त्याच्याकडे जाऊन येऊ."

हिमबिबट्याच्या जाळीसमोर आता कोणीच नव्हतं. धुकं इतकं दाट झालं होतं की सकाळी निदान तो ओंडका दिसत होता, आता तोही गेला, खडकाची नुसती वरची कड तेवढी. मी फोन काढलाच नाही. आईने जाळीपासून दोन पावलं मागेच उभं राहून शालीचं टोक कानावर ओढून घेतलं आणि तशीच बघत राहिली, समोरच्या पांढऱ्या धुक्याकडे.

"आहे गं आत," ती म्हणाली. आसपास ऐकायला कोणी नव्हतं, तरी ती अगदी हळू आवाजात, जवळजवळ कुजबुजतच बोलत होती.